तीन भावंडांची न निघालेली तबकडी

मे महिन्यात गळ्याभोवती लोकरीचा मफलर गुंडाळून हिंडणारा माणूस मुंबईत एक तर आजारी असतो, नाही तर गवई. दादा या दोन्हींपैकी कोणी नाहीत, ते नुसतेच विक्षिप्त आहेत, असं त्यांच्या वाडीतल्या निम्म्या बिऱ्हाडांचं मत होतं. उरलेल्या निम्म्यांचं मत याहून वाईट होतं. मी त्या मफलरवाल्या माणसामागे तबला-डग्गा घेऊन तीन वर्षं फिरलो आणि पुढची चाळीस वर्षं त्याच्यावर मनातल्या मनात रागावलेला राहिलो.

ओळख कचेरीत झाली. मी परळचा, वडील गिरणीत मागावर. घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारा मीच पहिला, त्यामुळे पहिले सहा महिने मी खुर्चीच्या अगदी कडेला बसत असे. एकदा मधल्या सुट्टीत टेबलावर बोटं चाळवत होतो. मागून कोणीतरी येऊन उभं राहिलं. मला वाटलं, हेडक्लार्क. घाबरून बोटं आवरली.

"थांबलास कशाला? ठेका बरा आहे तुझा," दादा म्हणाले. "टेबल बेसूर आहे. संध्याकाळी घरी ये."

घर ठाकूरद्वारच्या एका वाडीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आईवडील लवकर गेले होते आणि दोन बहिणींना दादांनीच वाढवलं होतं. मधली ताई आणि धाकटी बेबी. या तिघांनी मिळून एक गाणारं त्रिकूट काढलं होतं. त्याचं नाव 'तीन भावंडं'. याहून चमकदार नाव सुचत नव्हतं असं नाही, पण दादा म्हणत, "आहोत ते लिहावं. उगाच लोकांनी चौथं शोधायला नको."

ताई माझ्यापेक्षा वर्षभराने लहानच होती. पण घरात सगळे तिला ताई म्हणत, शेजारपाजारचे ताई म्हणत, म्हणून मीही पहिल्या दिवशी चहाचा कप घेताना "थँक्यू, ताई" म्हणून मोकळा झालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्या मुलीला पहिल्याच दिवशी ताई म्हटलं, तिला पुढे दुसरं काय म्हणणार? आमच्याकडे असल्या चुका दुरुस्त करता येत नाहीत.

त्या काळात गाणाऱ्या मंडळींपुढे एकच मायक्रोफोन असे. तो ज्याच्या तोंडाशी, त्याचा आवाज मोठा. दादांनी यावर स्वतःचा तोडगा काढला होता. त्यांच्या कोटाच्या खिशात एक सुतळी असे आणि तिला तीन गाठी मारलेल्या असत. कार्यक्रमाआधी ते सुतळीचं एक टोक मायक्रोफोनच्या दांड्याला धरत आणि दुसरं टोक ताणून जमिनीवर खडूने तीन खुणा करत. बेबीचा आवाज कोवळा, ती पहिल्या गाठीवर. दादा दुसऱ्या. ताई सगळ्यात लांब, तिसऱ्या गाठीवर, कारण तिचा आवाज मागून आला तरी पोचायचा. प्रेक्षक हसत. एकदा गणपतीच्या मांडवात कोणीतरी ओरडलं, "ओ दादा, सदऱ्याचं माप नंतर घ्या, गाणं म्हणा!" दादांनी शांतपणे तिसरी खूण पुरी केली, खडू खिशात टाकला आणि मगच वर पाहिलं.

तालमीच्या वेळी खिडक्या सताड उघड्या असायच्या. खाली ट्रामची घंटा, भाजीवाल्याची आरोळी, समोरच्या गॅलरीत कोणाचं तरी भांडण, या सगळ्यात आम्ही गायचो. मी म्हटलं, दादा, खिडकी लावू का? तर म्हणाले, "का? हॉलमध्ये माणसं काय तोंडाला कुलूप लावून बसणार आहेत?" घरात चिंचेला, लोणच्याला आणि बर्फाच्या गोळ्याला बंदी. बेबी चोरून गोळा खायची आणि लाल जीभ घेऊन यायची. दादा तिला "जीभ दाखव" म्हणत नसत, "वरचा सा लाव" म्हणत, आणि तेवढ्यावरून ओळखत. भांड्यांच्या दुकानात गेले की टिचक्या मारून पातेली ऐकत. एकदा असंच एक पातेलं घरी आणलं. नाद सुरेख होता, पण बूड इतकं पातळ की त्यात दूध हटकून लागायचं. ताई वर्षभर त्यात दूध तापवत राहिली, तक्रार न करता. तिच्या जागी मी असतो तर ते पातेलं खिडकीतून सुरात खाली गेलं असतं.

गाण्यांचे शब्द दादांचे, चालीही त्यांच्याच. त्यांत चंद्र नसे, कमळ नसे, विरहिणी नसे. "चंद्रावर पुष्कळांनी लिहिलंय," ते म्हणत. "जिन्यावर कोणी लिहिलंय का? आपण जिन्यावर लिहू." आणि त्यांनी खरंच जिन्यावर लिहिलं. कामावरून उशिरा परतणाऱ्या माणसाला घरातली बाई वरून सांगते:

थांब जरा जिन्यामध्ये, दिवा घेऊन येते,
मोडकी ती पायरी, हात तुला देते.

बस, एवढंच. दादा आणि बेबी खालून नुसता 'थांब जरा' म्हणत राहत आणि ताईचा आवाज वरून एकेक पायरी उतरत यायचा. मी तबला वाजवताना मान वर करत नसे, कारण वर केली की ठेका चुकायचा. तो आवाज मला आवडायचा असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे. हे अर्धंच खरं होतं. मला ती आवडायची. पण ते लोक कोण, मी कोण! गिरणीतल्या माणसाच्या मुलाने ठाकूरद्वारच्या घरात मुलगी मागायची, तीही ताई म्हणून झाल्यावर! मी बोललो नाही. तबल्याला मात्र चांगली शाई होती आणि मी तिच्यावर जमेल तेवढं बोलून घेत असे.

दादांचा सगळ्यात मोठा हेका एकच होता. कोणी म्हणालं, "वा, मजा आहे बुवा तुमची, छान गातबित असता," की दादांचा चेहरा उतरायचा. "मजा ऐकणाऱ्याची. आमचं ते काम आहे," ते म्हणत. एका सत्यनारायणाला यजमानांनी आग्रह केला, "दोन गाणी म्हणा की सहज, त्यात काय एवढं?" दादांनी विचारलं, "भटजींना सहज पूजा सांगायला बोलावलंत का?" शेवटी यजमानांनी नारळ पुढे केला तेव्हा कुठे स्वारी बसली. नारळ चालेल, पण सहज चालणार नाही. वाडीत यावरून त्यांची पुष्कळ टिंगल व्हायची. कचेरीतही 'कामगार गवई' असं नाव पडलं होतं. त्यांना ते बहुतेक आवडत असावं.

आमचा लौकिक म्हणाल तर गणपतीचे मांडव, हळदीकुंकू, दोन शाळांची स्नेहसंमेलनं आणि रेडिओवर दोनदा. 'तीन भावंडं' म्हटल्यावर दादरमध्येही लोकांना विचारावं लागे, कोणाची?

फक्त एकदा सगळ्यांनी ऐकलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तेव्हा गल्लोगल्ली होत होत्या. गिरगावात, वाडीसमोरच्याच रस्त्यावर भरलेल्या एका सभेला पुढारी वेळेवर पोचले नाहीत. संध्याकाळची वेळ, रस्ता माणसांनी भरलेला, लालबाग-परळहून गिरण्यांतली माणसं आलेली. गर्दी चुळबुळायला लागली. कार्यकर्ते धावत वर आले. "दादा, खाली चला. एखादा पोवाडा होऊन जाऊ दे."

"आमच्या घरात शौर्य कोणाला येत नाही हो," दादा म्हणाले. "जे येतं ते गाऊ."

गोळीबारात माणसं गेली होती, लोक पेटलेले होते, आणि हा माणूस सुतळीने मापं घेत होता! मापं झाली, आणि तिघांनी जिन्याचं गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीला मागून हसण्याचा आवाज आला. दुसऱ्या ओळीला तो थांबला. ताईचा आवाज उतरत उतरत रस्त्याच्या टोकापर्यंत गेला आणि त्या एवढ्या गर्दीत कोणी खोकलंसुद्धा नाही. पुढच्याच रांगेत एक माणूस बसला होता, ज्याचा भाऊ गोळीबारात गेला होता असं नंतर कळलं. तो गुडघ्यांत मान घालून रडत होता. कामावरून परत न आलेल्या माणसाचं ते गाणं आहे, हे आम्हाला इतके दिवस कळलंच नव्हतं. लिहिणाऱ्या दादांनाही नाही. गाणं संपलं. मग 'झालाच पाहिजे'ची जी गर्जना उठली, तिने माझा डग्गा आपोआप वाजला. पुढारी आल्यावर म्हणाले, "आता मी काय बोलू?" आणि दीड तास बोलले.

ते गाणं समोरच्या गॅलरीतून एका ग्रामोफोन कंपनीच्या माणसाने ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तो तीन जिने चढून आला. एक तबकडी काढू, म्हणाला. एका बाजूला जिन्याचं गाणं, दुसऱ्या बाजूला तुम्हाला हवं ते. बेबीने तिथेच एक गिरकी घेतली. दादांनी मफलर काढला आणि पुन्हा घातला. ताई आत गेली आणि आतून चहाच्या कपांचा जरा जास्तच आवाज आला.

त्याच महिन्यात ताईचं लग्न ठरलं. मुलगा इंदूरचा, घर मोठं, माणसं सभ्य. वाडीत बोललं जाई की, दादाने गाण्यासाठी बहीण घरात ठेवून घेतली आहे. ते दादांना फार लागलं होतं, म्हणून त्यांनीच घाई केली. बोलणी चालली असताना मुलाच्या आईने हसतहसत सांगितलं, "आमच्याकडे सुना गातात हो, पण घरात. देवापुढे." सगळ्यांना अर्थ कळला. म्हणजे जे काही व्हायचं ते लग्नाच्या आत. ताईचा आवाज कुठे राहायचा असेल तर त्या तबकडीवर.

मी तेव्हा रोज एकच हिशेब करत असे. ती जाणार हे नक्की. पण तबकडी निघाली, तर ती विकत घेता येईल. आपण विकत घेतलेल्या तबकडीत दुसऱ्याची बायको गात असेल, तर ते पाप नाही. इतकं मला पुरलं असतं. खरंच पुरलं असतं.

कंपनीने लग्नाच्या पाच दिवस आधीची तारीख दिली. ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला जाणार होते. आणि बरोबर त्याच तारखेला संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पुकारला गेला. सगळी मुंबई बंद. दादांनी इराण्याच्या हॉटेलातून कंपनीला फोन लावला. तारीख बदलत नव्हती. पलीकडून उत्तर आलं, "हमारा स्टुडिओ खुला है. आप लोग चलते चलते आ जाना."

त्या सकाळी मी तबला आणि डग्गा जुन्या धोतरात बांधून निघालो तेव्हा वडील उंबऱ्यात बसले होते. गिरणी बंद, दिवसाची हजेरी बुडालेली.

"सगळा बंद आसा," ते म्हणाले. "ह्यां बोचकां घेवन खंय चललंस?"

"मित्राकडे," मी म्हटलं. त्यांनी बोचक्याच्या गोल आकाराकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

परळहून फोर्टापर्यंत चालत गेलो. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, ट्रामचे रूळ उन्हात मोकळे पडलेले. दोनदा पोरांच्या टोळक्याने अडवलं, बोचक्यात काय? मी म्हटलं, कपडे. स्टुडिओच्या दारात तिघं उभी होती. ताईने मोतिया रंगाचं पातळ नेसलं होतं. तबकडीवर पातळ दिसत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

आत गालिचा, जाड पडदे, मधोमध मायक्रोफोन. दादांनी सुतळी काढून मापं घेतली. गोरा यंत्रवाला काचेमागून कुतूहलाने पाहत होता. मी तबला सुरात लावला. सगळं तयार झालं, आणि दादा दुसऱ्या खुणेवर उभे राहून माझ्याकडे वळले.

"तुझे वडील आज गिरणीत गेलेत?"

"नाही."

"आणि आपण?"

कंपनीचा माणूस भला होता. त्याला दादांची अडचण कळली आणि त्याने ती आपल्या परीने सोडवली. दादांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "अरे दादा, हरताल तो काम का होता है. गाना कोई काम है क्या?"

तो बिचारा मदत करत होता. पण त्याने हे वाक्य सोडून जगातलं दुसरं कुठलंही वाक्य म्हटलं असतं, तर दादा गायले असते, असं मला आजही वाटतं.

दादांनी खाली वाकून सुतळी गुंडाळली. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "हरताळ कामाचा असतो. म्हणूनच आज जमणार नाही."

बेबी ओरडली, रडली. "तू वेडा आहेस, दादा! सगळे म्हणतात ते खरंय! तुला ताईचं काहीच वाटत नाही!" कंपनीच्या माणसाने घड्याळ दाखवलं, हात जोडले. दादा ताईजवळ गेले. तिच्याकडे न बघता, मायक्रोफोनकडे बघत म्हणाले, "ताई, तू म्हणत असशील तर..." ताई तिसऱ्या खुणेवर उभी होती. मग खुणेवरून खाली उतरावं तशी बाजूला झाली आणि चपला घालायला गेली. तिने हो म्हटलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. मी एक शब्द बोलायला हवा होता, तो बोललो नाही.

रस्त्यात बेबी आणि दादा पुढे, एकमेकांपासून चार हात अंतर ठेवून. मी मागे. ताई माझ्यासाठी थांबली, माझ्या बोचक्यातून डग्गा काढून घेतला आणि तो पदराखाली कडेवर घेऊन माझ्या बरोबरीने चालायला लागली. फोर्टापासून ठाकूरद्वारपर्यंत. एरवी या रस्त्यावर आम्हाला असं शेजारी शेजारी चालता आलं नसतं. त्या दिवशी बघायला कोणी नव्हतं.

धोबीतलावाशी तिने डग्गा दुसऱ्या कडेवर घेतला. मग म्हणाली, "आज तू छान वाजवलं असतंस."

"तूही," मी म्हटलं. तिला त्या दिवशी मी पहिल्यांदा ताई म्हटलं नाही, आणि ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण वाडीच्या तोंडाशी डग्गा परत देताना ती जराशी हसली. पाचव्या दिवशी ती इंदूरला गेली. लग्नात तिचं नावही बदललं. तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नाव मी लांबून वाचलं आणि जेवायला न थांबता परळला आलो.

'तीन भावंडं' तिथेच संपली. कंपनीने पुन्हा विचारलं नाही. बेबी दादरच्या एका शाळेत गाणं शिकवायला लागली. दादा कचेरीत राहिले, निवृत्त झाले आणि शेवटी बेबीकडे राहायला गेले. आपल्याला महाराष्ट्र मिळाला, मुंबई मिळाली. तो दिवस उजाडला तेव्हा दादांनी कचेरीभर पेढे वाटले. मीही एक खाल्ला. मला मोबदल्यात काय द्यावं लागलं ते मलाच ठाऊक होतं. ताई इंदूरला देवापुढे गात असेल, नसेल. तिचा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. लोक म्हणतात, आठवणीत आवाज राहतो. खोटं आहे. शब्द राहतात, चाल राहते, पायऱ्या उतरून येणं राहतं. आवाज हळूहळू जातो. पन्नाशीनंतर माझ्या कानात जिन्याचं गाणं बेबीच्या आवाजात यायला लागलं. हे लक्षात आलं त्या दिवशी मी दादांवर फार चिडलो.

दादा आजारी आहेत असं कळलं म्हणून एका दुपारी दादरला गेलो. बेबी शाळेत होती. ते पलंगावर पडलेले, अगदी सुकून गेलेले. मी स्टूल ओढून बसलो. इकडचं तिकडचं झालं. कचेरीतले कोण गेले, कोण उरले. मग त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"त्या दिवशी गायला हवं होतं रे," ते म्हणाले.

हे वाक्य ऐकायला मी चाळीस वर्षं थांबलो होतो. ऐकलं तर काय बोलायचं, तेसुद्धा कितीदा घोळवून ठेवलं होतं.

"ताईचं काय, ती कुठेही सुखी राहिली असती," दादा म्हणाले. "पण तुझ्यासाठी तरी गायला हवं होतं. मला दिसत होतं सगळं. तू मान खाली घालून वाजवायचास."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. आयुष्यभर कोणाकडे काही न मागितलेला माणूस तो, आणि आता माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

"नाही दादा," मी म्हटलं. "तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. माझ्या वडिलांना तोंड दाखवता आलं मला."

"खरं सांगतोस?"

"खरं."

त्यांनी माझा हात धरला आणि डोळे मिटले. मी खरं बोललो की खोटं, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. हात सोडवून घेतला तर ते जागे होतील, म्हणून बेबी शाळेतून येईपर्यंत मी तसाच बसून राहिलो.